वैशाखातल्या सोमवारची पँट

रवि. २१ एप्रिल

जेवताना ह्यांनी विषय काढलाच. वैशाखातला दुसरा सोमवार आपला, पाण्याचं कसं करायचं?

टेकडीवरच्या महादेवाच्या पिंडीवर उन्हाळाभर गळती, तळाला भोक असलेला हंडा, टांगलेली. ज्या घराचा सोमवार, त्या घरानं ती भरायची, आणि तीही भर दुपारी. सकाळच्या गारव्यात नेलेलं पाणी चालत नाही. ऊन डोक्यावर आलं की देवाला पोळतं, तेव्हाच पाणी पाहिजे. पायथ्याच्या आडातून घागर भरायची आणि पायी वर. लग्नाआधीपासून हेच नेतात. जानेवारीत बायपास झाली. डॉक्टर म्हणाले ऊन नाही, चढ नाही, ओझं नाही. म्हणजे नेमका आमचा सोमवारच नाही म्हणाले.

"मी जातो की हळूहळू. बसत बसत."

"काही नको. मी जाते."

हे हसले. "तू? साडी नेसून?"

मागं एकदा हौसेनं ह्यांच्याबरोबर गेले होते. अर्ध्या चढावर निऱ्यांत पाय अडकला, मी खडकावर आणि घागर ठणठणत पार पायथ्याला. जिंतुरात अजून लोक विचारतात, मॅडम, घागर सापडली का.

"साडी नेसून जाणार नाही," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग काय घालून जाणार, हे ह्यांनी विचारलं नाही, सासूबाई समोर होत्या. त्या भाकरी कुस्करत होत्या. ऐकलं की नाही, कळलं नाही.

बुध. २४ एप्रिल

ह्यांना ओळखते. मी डळमळले की गुपचूप घागर उचलून निघतील. दुकानात बसून कंटाळलेत, पाइप-मोटारी विकायला आता पोरगा ठेवलाय, ह्यांना नुसतं गल्ल्यावर बसायचं. काल म्हणाले, "आमी आता शोभेचे." गमतीनं म्हणाले, पण मला रात्रभर ते टोचत राहिलं. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. मी चढू शकते हे ह्यांना आधी दिसलं पाहिजे.

म्हणून आज पहाटे सराव. शाळेतल्या नसीम मॅडम रोज फिरायला जातात, त्यांनाच धरलं. सलवार त्यांचीच, उसनी. टेकडीच्या पायवाटेनं निम्म्यापर्यंत गेलो. पहिली बोरीची फांदी आली आणि सलवारीचा घेर तिनं धरला. सोडवला. दुसरी आली. नसीम मॅडम म्हणाल्या, "सुमन मॅडम, तुमी चढायलाव की बोरी झाडायलाव?"

परत येऊन बघते तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं. वाळल्या गवताची ती बारीक टोकं एकेक उपटत बसले. सलवार फाटली ती वेगळीच. नवी शिवून देईन म्हणाले, त्या नको म्हणाल्या, तरी देणार.

रवि. २८ एप्रिल

लेगिंग घालून बघितलं, न्हाणीतून बाहेरही आले नाही. घामानं अंगाला चिकटलं ते काढताना भिंत धरावी लागली. ह्यांची जुनी ट्रॅकपँट घातली तर दोन पायांना दोन चुली लावल्यासारखं झालं. वर तिच्या इलॅस्टिकनं कमरेभोवती घामोळ्यांची माळ.

ह्यांचा पांढरा लेंगा सगळ्यांत हवेशीर. खरंच सुख. पण घागर हिंदकळणार, पाणी अंगावर येणार, आणि ओला पांढरा लेंगा म्हणजे... नको. वर देवळात पूजेचे स्वामी असतात, चार माणसं असतात.

गौरीचा पुण्याहून फोन. लेक दर पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर किल्ले चढते, तिला सगळं माहीत. "आई, ट्रेकिंगची पँट येते. वाऱ्यासारखी. ओली झाली तरी पाच मिनिटांत वाळते. मी पाठवते."

पाठव म्हणाले. पण आजीला सांगू नको, हेही म्हणाले. एक्कावन्न वर्षांची बाई, तीस पोरांचा वर्ग सांभाळते आणि पँटचं पार्सल लपवणार.

रवि. ५ मे

आलं पार्सल. सा.बा. दुपारच्या झोपेत होत्या म्हणून निभावलं. गव्हाच्या कोठीमागं ठेवलं.

पँट खरंच हलकी, मुठीत मावते. गुडघ्याजवळ चेन आहे, ती उघडली की खालचे पाय सुटतात आणि हाफपँट होते! महादेवापुढं मी हाफपँटीत. एकटीच हसत बसले.

दोन अडचणी. लेकीनं माझ्या कमरेचा अंदाज फार मायेनं केलाय. श्वास सोडला तर बटन लागतं, घेतला तर तुटेल. दुसरी, रंग काळा. भर दुपारी गच्चीवर घालून उभी राहिले. पायांवर तवा धरल्यासारखं. गौरी पावसाळ्यात सह्याद्रीत जाते, इथं मे महिना आहे बाई.

पण चालताना पाय मोकळे होते. गच्चीवर टाकीच्या पायऱ्या भराभरा चढून-उतरून पाहिल्या. वर्षानुवर्षं पाऊल टाकायच्या आधी हात निऱ्यांकडं जातो, आज गेला आणि तिथं काही धरायलाच नव्हतं. फार बरं वाटलं.

रवि. १२ मे

सापडलं.

सा.बा. कोठीमागं पाल मारायला गेल्या आणि हातात पँट घेऊन आल्या. मी भाजी चिरत होते. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, बहाद्दर.

"ही कुणाची गं?"

"माझी. सोमवारी चढायला." आवाज एवढासा निघाला. मनात सगळी उत्तरं तयार. डॉक्टर काय म्हणाले, मी कशी पडले होते, आजकाल सगळ्याच घालतात. तीन आठवडे घोकलेली.

सा.बा.नी पँट उजेडात धरली. मग माझ्याकडं बघितलं.

"काळं? महादेवाला पाणी घालायला काळं घालून चाललीस? अक्कल हाय का?"

मी वाट बघत राहिले. पुढं काही येईना. शेवटी मीच विचारलं, "आणि पँट चालंल?"

"त्येला काय झालं? पाय मोकळे नगं का? आमी काष्टा घालून चढायचो. ह्यो पोटात व्हता तवा चढले मी." हा म्हणजे पेपरामागचा. "तुमची ती गोल साडी शहाण्यांनी आणली. तिच्यात मानूस चालतंय का घसरतंय तेच कळत न्हाई. पर काळं न्हाई म्हंजे न्हाई."

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं. आठवडाभर पार्सल लपवलं आणि म्हातारीचा राग रंगावर!

आता नवीच पंचाईत. सा.बा.ना मत फुटलंय. संध्याकाळपासून पाच वेळा हाक मारली. पायाची मोहरी लय रुंद नगं, मुंग्या शिरतेत. खिसा पाह्यजे, गूळ ठिवायला. नाडी घाल, रबर नगं. पटतंय सगळं, पण स्वयंपाक करू द्याल का?

सोम. १३ मे

सकाळच्या एसटीनं परभणी. कापड इथं मिळालं असतं, पण जिंतुरातल्या दुकानदाराची पोरगी माझ्या वर्गात. पँटचं कापड म्हटलं तर शाळा उघडायच्या आत सगळ्या गावात.

पॉपलीन जाड, मलमल फारच पातळ. शेवटी खादीच्या दुकानात गेले. पातळ खादी, मातकट रंगाची. हातात घेतल्यावर बोटांना वारा लागतो. दारात नेऊन उन्हाकडं धरली, पलीकडचं दिसतंय का बघितलं. मग पर्समधली बाटली काढून एक कोपरा ओला केला, हाताच्या पंजावर ताणून धरला. हात दिसत नव्हता.

दुकानदार काउंटरमागून बघतच राहिला. "मॅडम, कापडच हाय ना ते. काय शोधायलाव तुमी?"

"अब्रू," म्हणाले. त्यानं कात्री घेतली. ओला कोपरा मापात धरला त्यानं, वाजवीच आहे.

परत येताना ऑटोवाल्यानं स्टँडवर सोडलं तेव्हा बूट चिकटत होते डांबराला. एका आठवड्यानं ह्याच वेळी घागर घेऊन चढायचं आहे. आणि मी नाही गेले तर कोण जाईल, ते माहीत आहे.

बुध. १५ मे

कापड रात्रभर भिजवून आटवलं, वाळवलं आणि टेलरकडं. नसीम मॅडमचेच टेलर, रशीदभाई. मी म्हणाले, मियानी घाला, दोन पायांच्या मध्ये तो चौकोनी तुकडा असला की पाय उचलताना शिवण ओढत नाही. त्यांना पटलं. ढगळ ठेवा म्हणाले, ते पटलं नाही.

"मॅडम, आजकाल मोहरी बारीकच चालायली. ढगळ कोन घालतंय?"

"मी घालतेय."

"बरं दिसत न्हाई."

"मला चढायचंय रशीदभाई, दिसायचं नाही."

मान हलवली खरी. पण मला ती मान ओळखीची आहे. गृहपाठ करतो म्हणणारी पोरं अशीच हलवतात.

गुरु. १६ मे

पोटरीवर चढेना! बारीकच शिवली. तिथंच उभी राहून भांडले. नशिबानं आतून माया भरपूर सोडली होती, उसवून सैल केली. रशीदभाई मशिनीवर पुटपुटत होते, "पायजमा करून टाकला." करू दे.

घरी येऊन घातली. बसले, उठले, पाटावर मांडी घातली, गच्चीचा जिना चढले. कुठंही ओढत नाही. सा.बा.नी मोहरीत हात घालून बघितला, मुंगी जाईल का म्हणून. पास झाले.

हे नुसते बघत होते. "चांगली हाय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "घागर जड असती हां."

माहिती आहे. पण सुटल्यासारखं वाटतंय. आता फक्त धुऊन ठेवायची.

शुक्र. १७ मे

काय गाढवपणा केला मी.

काल धुणं केलं त्यात शाळेच्या साड्या होत्या. सुट्टी लागली की सगळ्या सुती साड्यांना साबुदाण्याची कडक खळ करून ठेवते, सव्वीस वर्षांची सवय. पँट कधी त्या बादलीत गेली, मलाच कळलं नाही. वर छान इस्त्री केली. धार बघून खूशही झाले!

पहाटे सरावाला घालून गेले. प्रत्येक पावलाला करकर. नसीम मॅडम म्हणाल्या, तुमच्या मागं कोण चालतंय. निम्म्या चढावर घाम आला, खळ ओली झाली, चिकट आणि खरखरीत. मांड्या आतून सोलून निघाल्या. खाली येताना पाय फाकवून चालत होते. रस्त्यात दोन विद्यार्थी भेटले, त्यांनी अदबीनं गुड मॉर्निंग केलं.

सा.बा.नी पँट हातात घेतली, ती तशीच उभी राहिली. म्हातारी हसून हसून खोकायला लागली. "पापड घालून गेली व्हय गं!"

मी हसले नाही. सोमवार तोंडावर आलाय आणि मांडीला साडी टेकली तरी आग होतेय. ह्यांनी मला चालताना पाहिलं. दुपारी माळ्यावरून तांब्याची घागर काढून चिंचेनं घासत बसले होते. ती घागर कोणासाठी घासताय, विचारायचा धीर झाला नाही.

रवि. १९ मे

परवापासून खोबरेल लावतेय, पंख्याखाली पडून आहे. आग गेली, नुसता हुळहुळेपणा. पँट गरम पाण्यातून काढली, पुन्हा साध्या पाण्यातून, पुन्हा एकदा. सा.बा.नी स्वतः पिळली, इस्त्रीला हात लावू दिला नाही. आता ती जुन्या धडुत्यासारखी मऊ आहे.

ह्यांना समोर बसवलं. म्हणाले, मी जाणार. नाही जमलं तर निम्म्यातून परत येईन, आणि मग आपला सोमवार कोरडा गेला तरी चालेल. पण तुम्ही चढायचं नाही.

"कोरडा कसा जाऊ दिऊ?"

"मग मला तुमच्यावर पाणी सोडावं लागंल," म्हणाले. जरा जास्तच बोलले. ह्यांचे डोळे भरून आले, माझेही. मग ठरलं. हे पायथ्याशी लिंबाखाली बसणार, घागरी भरून देणार. तेवढंच.

सोम. २० मे

झालं. देवा, झालं.

हात दुखतोय पण लिहिणार. ह्यांना ऑटोनं पायथ्याला नेलं, लिंबाखाली खुर्ची टाकली. आडाचं पाणी हे शेंदणार नाहीत, आडावरचा माणूस शेंदणार, हे फक्त घागरीत ओतणार, असं चार वेळा बजावलं. मातकट पँट, वर जुना सुती कुडता, डोक्याला ओला पंचा. लोक बघत होते. बघा म्हटलं.

पहिली खेप गेली. ऊन असं की डोळे उघडे ठेववत नव्हते, पण पायांत वारा खेळत होता. पाणी सांडलं, पँट भिजली, चिकटली नाही, आणि पुढच्या वळणापर्यंत वाळली. कुसळं लागली ती हातानं झटकली की पडत होती. चढताना एकदाही खाली बघावं लागलं नाही. स्वामींनी गळतीत पाणी घेतलं, माझ्याकडं बघितलं. "शरणार्थी ताई," असा त्यांचा नमस्कार झाला. "मालक?" खाली आहेत म्हणाले. "बरं केलंत," स्वामी म्हणाले. बाकी काही नाही.

दुसरी खेपही गेली. गळती भरायला अजून एक लागणार होती. रिकामी घागर घेऊन निघाले आणि वरून खाली नजर गेली. लिंबाखालची खुर्ची रिकामी.

पायवाटेवर पांढरा शर्ट. खांद्यावर घागर. हे चढत होते.

ओरडले, ऐकू गेलं नसेल. मग मी पळाले. त्या उतारावरून, भर उन्हात, एक्कावन्नाव्या वर्षी. हात निऱ्यांकडं गेला नाही, दगडादगडावरून उड्या मारत पळाले. घागर कुठं टाकली आठवत नाही. गौरीएवढी असताना पळत असेन तशी.

पहिल्या वळणावर गाठले. हे एका हातानं खडक धरून उभे. ओठ कोरडे. घागर आधी काढून घेतली, मग सावलीत बसवलं, मग शिव्या दिल्या. देवाच्या दारात, मोठ्यानं.

"ह्या वळनापोतरच येनार व्हतो," म्हणाले. "पुढं तुलाच देनार व्हतो. खरंच. नुसतं बसवंना गं."

नाडी बघितली. भरभर चालली होती पण नीट होती. खिशात सा.बा.नी कोंबलेला गूळ होता, तो दिला, घोट घोट पाणी दिलं. हळूहळू रंग आला. मी तिथंच मातीत बसून राहिले.

मग ह्यांनी आणलेली ती घागर मी वर नेली. नाही म्हणता आलं नाही. ती गळतीत पडली, आणि पिंडीवर धार धरली, आणि मला हुंदकाच आला. स्वामी दुसरीकडं बघत राहिले.

मंगळ. २१ मे

ह्यांना परभणीला डॉक्टरांकडं नेलं. ईसीजी ठीक. डॉक्टर रागावले, ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मीही शेजारी बसून प्रत्येक शब्दाला मान डोलावली. बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला, अर्धा ग्लास.

रिकामी घागर सापडली. खालच्या बोरीत अडकली होती, पोचा आलाय. सा.बा. म्हणतात, राहू दे, हिची सवयच हाय.

पोटरी आणि मांड्या दगड झाल्यात. जिना बसून उतरते. पण मन एवढं हलकं कितीतरी महिन्यांत नव्हतं. पँट धुऊन दोरीवर टाकली, समोरच्या दोरीवर. शेजारच्या काकूंनी विचारलं कुणाची हो. माझी म्हणाले.

शुक्र. २४ मे

दुपारी फोन. रशीदभाई. नसीम मॅडमच्या सलवारीचं असेल वाटलं.

"मॅडम, साहेबांच्या पँटची मोहरी बी तुमच्यासारखीच ढगळ ठिवू का?"

कसली पँट?

"कापड दिऊन गेले की सकाळी. तुमचंच कापड, मातकट. मियानी घाला म्हनले."

म्हणजे परवा "जरा स्टँडापर्यंत जाऊन येतो" ते परभणीला गेले होते. ह्या उन्हात, एसटीनं, एकटे.

खिडकीतून बघितलं. हे अंगणात लिंबाखाली बसून सा.बा.ना पेपर वाचून दाखवत होते. राग आला होता, खूप. तेवढ्यात हे कशावर तरी हसले, ऑपरेशनच्या आधी हसायचे तसे, आणि सा.बा.नी ह्यांच्या पाठीत धपका घातला.

"मॅडम? ढगळ ठिवू ना?"

"ठेवा," म्हणाले. "खिसाही ठेवा. पण पुढच्या महिन्यात डॉक्टरांची तारीख आहे, तोवर शिवू नका."

"आन् साहेब इचारायला आले तर?"

"मशीन बिघडलंय म्हणा."